चष्मा घरी राहिला

गंधे सरांनी माऊस वायरीला धरून उचलला, टेबलाच्या कडेला ठेवला आणि रुमालाला हात पुसले.

"इंगोलेबाई, हे तुम्ही करा," ते म्हणाले. "मी चष्मा विसरलो."

"सर, मॅडमनं तुमचं नाव पुकारलं."

"म्हणूनच सांगतो आहे. तुमचाही सराव होईल. आणि पडद्यावर जे जे लिहिलं आहे ते मोठ्यानं वाचा. पूर्ण वाचा. अर्धवट वाचायची तुमची सवय जात नाही."

मागच्या रांगेतून दुसऱ्या एका वाचनालयाचे बोथे ओरडले, "काय सर, उंदीर चावते काय?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. मी खुर्ची ओढली आणि दात आवळून वाचायला लागले.

ही गोष्ट संगणक वाचनालयात आले त्या वर्षाची. जिल्ह्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयांतल्या कर्मचाऱ्यांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. कपाटातली पुस्तकं संगणकात कशी चढवायची ते शिकायचं. प्रत्येक वाचनालयातून दोघांनी यायचं, ग्रंथपाल आणि आणखी एक. बोरतळ्याहून आम्ही दोघं रोज एसटीनं जाऊन-येऊन करत होतो. गंधे सर आमचे ग्रंथपाल, आणि मी तिथली शिपाई. तिसऱ्या दिवशी परीक्षा होती. दोघंही पास झाले तरच वाचनालयाचं काम पूर्ण धरणार, नाहीतर वाचनालयाचा सरकारी दर्जा, 'वर्ग' म्हणतात तो, एक पायरी खाली. वर्ग खाली आला की एक पद जातं, आणि जाणारं पद नेहमी शेवटचं असतं. शेवटचं पद माझं होतं.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी सासर सोडून परत आली होती, तिची लेक शाळेत जात होती, आणि आम्हा तिघींच्या चुलीखाली हीच नोकरी होती. ती मला सोन्यासारखी होती, कारण त्याच वाचनालयात मी आधी कितीतरी वर्षं नुसता झाडू मारला होता. पुस्तकांवरची धूळ पुसायची, पण आत काय आहे ते कळायचं नाही. पस्तिशी झाल्यावर वाचनालयाच्याच ओसरीवर भरणाऱ्या साक्षरतेच्या वर्गात मी अक्षर शिकले. पुढे शिपाई झाले.

आणि आता हा माणूस माऊसला हात लावायला तयार नव्हता.

शिकवायला हिरुळकर मॅडम होत्या. माझ्या मुलीपेक्षा लहान, पण आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी सकाळी त्या सरांजवळ येऊन म्हणाल्या, "काका, काही अवघड नाही. फक्त इथे क्लिक करायचं."

"मी तुमचा काका नाही," सर म्हणाले. "आणि 'फक्त' म्हणून सुरू होणारी कोणतीही गोष्ट सोपी नसते. आधी मला सांगा, अनुवादित पुस्तकाची मुख्य नोंद तुम्ही मूळ लेखकाच्या नावानं घेता की अनुवादकाच्या?"

"सर, सॉफ्टवेअरमध्ये दोघांनाही जागा आहे."

"जागा आहे का, हे मी विचारलं नाही."

झालं. तिथून जो वाद सुरू झाला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत. बाकीचे ग्रंथपाल खूश, कारण तेवढा वेळ कुणालाच काही करावं लागलं नाही. कुणी सरांची बाजू घेतली, कुणी मॅडमची. बोथे दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत होते. आमच्या संगणकाचा पडदा मधल्या वेळात काळा पडला. मी त्यात माझं तोंड बघत बसले.

जेवायला बसलो तर सर म्हणाले, "इंगोलेबाई, ताटात काय काय आहे?"

"तुमच्या म्होरंच हाय ना सर ताट."

"सांगा तरी. म्हणजे काय टाकायचं ते ठरवतो."

मी सांगितलं. वरण, भात, वांग्याची भाजी, एक लाडू. नोकरीच होती ना माझी. पण घास गिळताना वाटत होतं, आता हे भरवायलाही सांगतील.

संध्याकाळी एसटी स्टँडवर त्यांचं ठरलेलं वाक्य: "तुम्ही पाटी पहा, मी जागा धरतो." पाटी मी बघायची, गाडी मी शोधायची, आणि खिडकीजवळ हे बसायचे. त्या दिवशी गाडीत मी तोंड फिरवून त्यांचे सगळे गुन्हे मनात मोजले. आधीच्या दोनेक वर्षांत या माणसानं वाचनालयाचं काय करून ठेवलं होतं! टेबल उचलून थेट दरवाज्याजवळच्या खिडकीत नेलं, आत येणाऱ्याच्या मांडीला कोपरा लागायचा. पुस्तकांच्या पाठीवर नंबराच्या चिठ्ठ्या लावायच्या तर जाड मार्करनं एवढे मोठे आकडे, की लेखकाचं नावच झाकलं जायचं. त्या मी खरवडून पुन्हा लहान करून लावल्या, तर माझ्यावर ओरडले. कुणी सभासद समोर येऊन उभा राहिला की मान वर न करता "बोला". तो बोलला की मग "या, या, मानकर". आधी आपुलकीनं उठून उभे राहायचे. मला वाटायचं, निवृत्ती जवळ आली की माणसाला असा माज चढत असावा.

घरी मुलीला म्हटलं, "तो माणूस मले घरी बसवते पाय आता."

दुसऱ्या दिवशी मॅडमनं युक्ती केली. वादाला तोंड फुटायच्या आत सरांना पहिल्या रांगेत बसवलं, समोर पुस्तक ठेवलं आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. मी मागे. सर पडद्याकडे सरळ बघेनात. कोंबडी दाणा बघते तशी मान वाकडी करून, एका कडेनं बघत होते. असं एखाद्या नको असलेल्या पाहुण्याकडे बघतात. मॅडमचे कान लाल झाले.

"सर, शीर्षक या चौकटीत टाका."

"हे मराठी आहे?" सर म्हणाले. "वेलांट्या तरंगतात, मात्रा पळतात. अशा अक्षरात नोंद करणं हा ग्रंथाचा अपमान आहे."

"सर, अक्षर जागेवर आहे."

"तुमच्यासाठी असेल." असं म्हणून ते उठले, चपला शोधल्या आणि व्हरांड्यात निघून गेले.

चहाच्या वेळी मॅडमनं मला बाजूला घेतलं. "मावशी, तुमचं काम चांगलं आहे. हळू आहे, पण चांगलं आहे. उद्या प्रत्येकानं एकेक पुस्तक चढवायचं, एकेकट्यानं. तुमच्या सरांनी नाही केलं तर मला तसंच लिहावं लागेल. मी काय करू सांगा?"

"त्याईची जिद्द हाय मॅडम. येते त्याईले सगळं."

"मग करत का नाहीत?"

मी रिकामा कप विसळायला घेतला.

बोथे कपात बिस्किट बुडवत ऐकत होते. मॅडम गेल्यावर जवळ आले. "बाई, एवढं काय टेन्शन घेता? उद्या सराईच्या जाग्यावर तुमीच बसा. मॅडम तिकडं वळल्या की मी खोकलतो. आमच्या अध्यक्षाच्या पोराचं असंच केलं होतं मांगच्या टायमाले."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी स्टँडवर पोचलो तर मला पिशवीतून सुटे पैसे काढायला वेळ लागला. सर पुढे गेले. फलाटावर एक गाडी उभी होती. तिच्या दाराशी रिकाम्या दुधाच्या कॅना घेऊन एक माणूस उभा होता. सरांनी त्याला विचारलं, "ही बोरतळ्याची का हो?"

तो म्हणाला, "पाटी लावली ना येवढी मोठी. शिकेल दिसता चांगले."

"हो," सर म्हणाले. "चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. काळी दांडी बाहेर आली होती. मी दोन पावलांवर उभी होते.

ते वाक्य मी ओळखलं. ते माझं होतं. आमच्या घरात कुणालाच चष्मा नव्हता, तरी मी अर्धं आयुष्य तो घरी विसरत होते. रेशनच्या दुकानात विसरायचे, दवाखान्यात विसरायचे, मुलीच्या शाळेत विसरायचे. घरात काही कागद आला की मुलीला म्हणायचे, "वाच बरं मोठ्यानं, तुले येते का पाहू." तिला वाटायचं, आई अभ्यास घेते. आणि फारच अडलं, कचेरीतल्या माणसानं कागद पुढे सरकवलाच, तर त्याच्याशी भांडण काढायचे. भांडण पेटलं की कागद आपोआप बाजूला पडतो. वाचता येत नाही म्हणण्यापेक्षा भांडकुदळ म्हटलेलं बरं वाटायचं.

गाडीत सर खिडकीशी बसले. मी शेजारी. गाव मागे पडल्यावर मी विचारलं.

"सर, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"दिसत नाही तुमाले. कधीपासून?"

"काहीतरी बोलू नका."

"चष्मा खिशात हाय तुमच्या."

त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग ते खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणजे बघतात असं मला इतके दिवस वाटत होतं. नदीचा पूल गेला, जिनिंगच्या आवारातला कापसाचा ढीग गेला.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमीच. दोन दिवस झाले सांगून रायले."

"मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता," ते म्हणाले. "नागपूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. मधलं जाणार, कडेचं राहणार. त्याला इलाज नाही. आता मी तुमच्याकडे पाहिलं तर तुमचे कान दिसतात. मधे नाक असावं असा अंदाज आहे."

मला हसू यायला हवं होतं. मला राग आला. "मंग बोलाचं ना! दोन दिवस तुमाले मनातल्या मनात शिव्या देऊन रायली मी."

"किती?"

"लय."

"बरोबर आहे." थोडं थांबून म्हणाले, "बोलून काय होणार होतं? वाचता न येणारा ग्रंथपाल. समिती दुसऱ्या दिवशी घरी पाठवेल. निवृत्तीला दीड वर्ष आहे. आणि घरी जाऊन मी काय करू? वाचू?"

ते पुढे म्हणाले, "तुम्ही वाचता न येता आलात आणि शिकलात. माझं उलटं चाललं आहे. रोज थोडं थोडं पुसलं जातं."

कंडक्टर आला, तिकिटं फाडून गेला. तो लांब गेल्यावर सर माझ्याकडे, माझ्या कानाकडे वळले. आवाज एकदम कामाचा झाला. "तर उद्या तुम्ही माझ्या जागी बसा. बोथे खोकणार आहे म्हणे."

"तुमाले त्याईनं सांगितलं?"

"डोळे गेले आहेत, कान नाही."

मी सरळ नाही म्हटलं.

"का? पद तुमचं जाणार आहे, माझं नाही."

"म्हाईत हाय मले कोणाचं जाणार हाय ते! त्याच्यासाठीच दोन दिवस मरून रायली ना मी." पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. मी आवाज खाली केला. "सर, माह्यासाठी लोकं वाचत होते. वाचणारा सांगन ते खरं. कोणी काय गाळलं, काय जोडलं, मले काय समजे? उद्या मी तुमच्या जाग्यावर बसन. परवा पुस्तकाची नोंद मीच करन, तुमी निस्ती सही माराची. मंग तुमी खुर्चीवर, अन् मी सांगन ते खरं. चालन?"

त्यांनी खिशातला चष्मा काढला, पुसला आणि परत ठेवला.

"नाही," शेवटी म्हणाले. "तुम्ही उपशीर्षकं गाळता."

"मंग?"

"मग काय करायचं तेही सांगा."

"ते मले काय म्हाईत? ग्रंथपाल तुमी."

बोरतळा आलं तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांवर तणतणत उतरलो. आपापल्या वाटेनं गेलो.

सकाळच्या गाडीत सर आधीच बसलेले होते. मांडीवर बॅग, आणि बॅगेवर दोन्ही हातांची बोटं चालली होती. टकटक, टकटक, मग डावा हात एकदम डावीकडून उजवीकडे.

"काय करून रायले?"

"राजीनामा लिहितो आहे. 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' इथपर्यंत आलो आहे."

मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. तो ठेका माझ्या कानात मुरलेला होता. संगणक यायच्या आधी वाचनालयाची सगळी पत्रं, सगळे अहवाल सर जुन्या टाइपरायटरवर काढायचे. मी फरशी पुसायची त्या आवाजावर. मशीन वाजत असायचं आणि सर दारातून येणाऱ्यांशी बोलत असायचे, या बसा, पाऊस कसा आहे तुमच्याकडे. बोटं खाली त्यांचं त्यांचं काम करत.

"सर, तुमी मशीन पाहून मारत होते का?"

"काय बोलता?" ते खरोखर दुखावले. "पाहून मारणाऱ्याला टायपिस्ट म्हणत नाहीत."

"मंग ते अक्षरं अजून बोटात हायेत?"

"बोटातून कुठं जाणार?" आणि बोटं थांबली. माझ्या लक्षात आलं ते त्यांच्याही लक्षात आलं. पण लगेच म्हणाले, "उपयोग नाही. या मॅडमचा कळफलक वेगळा आहे. इंग्रजी अक्षर दाबून मराठी उमटवायचं. तो गोंधळ माझ्या बोटांना येत नाही."

"इचारून तर पाहू."

"तुम्ही विचारा. माझं आणि तिचं जमत नाही."

वर्ग सुरू व्हायच्या आत मी मॅडमना गाठलं. "मॅडम, जुन्या टाइपरायटरची अक्षरं याच्यात असतात का?"

"असतात की. दोन बटणं दाबली की तोच कळफलक. का हो मावशी?"

"काई नाही. आमचे सर जुने हायेत."

परीक्षा नावांच्या क्रमानं होती. माझं नाव आधी आलं. एक वेलांटी दोनदा पुसली, पण झालं. मग "प्रभाकर गंधे". सर उठले. त्या दिवशी चष्मा डोळ्यावर लावला होता. मी त्यांच्याबरोबर गेले आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. मॅडमनं त्यांच्यासमोर एक पुस्तक ठेवलं. ते मी उचललं.

"मावशी, तुमचं झालं ना? एकेकट्यानं करायचं आहे."

"मॅडम, वाचनालयात पुस्तकाची पडताळणी कशी करते?" मी म्हटलं. "एक जण कपाटापाशी उभा राहून हाक देते, दुसरा टेबलावर नोंद मारते. आमच्याकडं असंच चालते. मी हाक देते, सर मारतीन."

हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. दोन-चार माना हलल्या. बोथे मात्र म्हणाले, "वा रे वा! एका पुस्तकाले दोन माणसं! अन् आमच्याकडं एक माणूस दोन लायबऱ्या सांभाळते."

"पडताळणी वेगळी, नोंद वेगळी," मॅडम म्हणाल्या. त्यांचाही तिसरा दिवस होता, त्यांचाही जीव मेटाकुटीला आला होता. "पुस्तक त्यांच्यासमोर आहे, चष्मा डोळ्यावर आहे. ते स्वतः का वाचत नाहीत?"

सगळे आमच्याकडे बघायला लागले. माझ्या जिभेवर तयार उत्तरं होती, आयुष्यभराची. एकही चालणारं नव्हतं.

सरांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"कारण मला अक्षर दिसत नाही," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. समोरचं पुस्तक आहे एवढं कळतं, ते कोणतं हे कळत नाही. तुमच्याशी मी जे भांडलो मॅडम, त्यातलं निम्मं त्यासाठी होतं. अनुवादकाचा मुद्दा मात्र खरा आहे."

बोथेंनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, "सर, मंग मले वळखता कसे?"

"तुमचं तोंड दिसायची गरज पडत नाही, बोथे. ते सतत ऐकू येतं."

हसू फुटलं. सगळ्यात मोठ्यानं बोथेच हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या हातातल्या कागदांच्या कडा सरळ करत राहिल्या. "सर, तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर..." मग म्हणाल्या, "पण मला सूचना आहेत. एकेकट्यानं."

"सूचनेत 'एकट्यानं टंकलेखन' लिहिलं आहे की 'एकट्यानं वाचन'?"

मॅडमनं कागद पाहिला. "नोंद एकट्यानं करावी, एवढंच आहे."

"नोंद मीच करणार. पडद्याकडे पाहिलंच पाहिजे असं लिहिलं आहे?"

"नाही."

"मग तो बंद करा. उजेड डोळ्यात जातो."

मॅडमनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मग पुढे वाकून दोन बटणं दाबली, कळफलक बदलला आणि पडदा बंद केला. सरांनी बोटं कळफलकावर फिरवून जागा शोधली आणि पाठ ताठ केली.

"हं. हाक द्या."

मी पुस्तक उघडलं. पान पिवळं होतं, छपाई जुनी. वर्गासमोर पुस्तक मोठ्यानं वाचायची माझी पहिलीच वेळ. "गाव... गावविहिरींची निगा."

टकटक झालं. बोटं थांबली. "पुढे?"

"एवढंच हाय."

"विहिरीवरच्या पुस्तकाला उपशीर्षक नाही? खाली बारीक अक्षरात पहा."

होतं. "बांधकाम, गाळ... गाळउपसा व दु... दुरुस्ती."

"लेखक?"

"लक्ष्मण ना. खडककर."

"ना म्हणजे? नारायण की नामदेव?"

"ना टिंब."

"मग ना टिंब. आवृत्ती सांगा."

"आवृत्ती नाही याच्यात."

"इंगोलेबाई, आवृत्ती कुठं असते?"

"मांगच्या पानावर."

"मग पान कोणी उलटायचं? मी?"

त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला होता. माझाही चढला. "उलटून रायली ना! दम धरा जरा!" मागे लोक खुदखुदत होते. मी अडखळत वाचत होते, ते खेकसत होते आणि बोटं चालत होती. एका चौकटीतून दुसरीत जायचं बटण मी त्यांचं बोट धरून एकदाच दाखवलं. पुन्हा विचारलं नाही त्यांनी. शेवटी मी पानांची संख्या वाचली, पुस्तक मिटलं आणि हात खाली सोडले.

मॅडमनं पडदा परत चालू केला. पुस्तक हातात घेऊन एकेक चौकट बोटानं ताडून पाहिली. बोट शेवटच्या चौकटीशी थांबलं.

"पानं एकशे चौऱ्याऐंशी आहेत. इथं एकशे अठ्ठेचाळीस आलंय."

आकडे मी उलटे वाचले होते. आकड्यांनी मला नेहमीच दगा दिला.

"हाक चुकली," सर म्हणाले. "हात चुकला नाही. तसं लिहा."

मॅडमनं काय लिहिलं ते त्यांनी आम्हाला दाखवलं नाही. त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं, पुढचं नाव पुकारलं आणि आम्हाला म्हणाल्या, "दोघंही झालात. जा आता, चहा प्या. पुन्हा भांडायला येऊ नका." सर उठता उठता म्हणाले, "अनुवादकाचं तेवढं पाहून ठेवा." मॅडमनं कपाळाला हात लावला.

वाचनालयाचा वर्ग टिकला. माझं पदही. सोमवारी सरांनी समितीसमोर स्वतःच सांगितलं. समितीनं कुरकुर केली, दोन बैठका घेतल्या आणि निवृत्तीपर्यंत त्यांना ठेवलं. दीड वर्ष मी हाका दिल्या आणि त्यांनी आमची सगळी कपाटं संगणकात चढवली. त्या दीड वर्षात आमचं एकही दिवस पटलं नाही. टेबल खिडकीतच राहिलं. चिठ्ठ्यांवरचे आकडे मी पुन्हा मोठे केले.

पण मला त्या तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ आठवते. स्टँडवर गर्दी होती. फलाटाला गाडी लागली तसे सगळे दाराकडे धावले. सर धावले नाहीत. शेजारी कालचाच कॅनवाला उभा होता, त्यालाही त्यांनी विचारलं नाही. चष्मा खिशात होता. ते गाडीच्या तोंडापाशी जाऊन उभे राहिले.

"इंगोलेबाई, पाटी."

"बोरतळा," मी म्हटलं. "चला, जागा जाईल."

"पूर्ण वाचा. मार्गे काय काय आहे?"

पाटीचा रंग उडाला होता. वर अक्षरं मोठी होती, खाली मार्गाची गावं बारीक. मी जवळ गेले आणि एकेक गाव मोठ्यानं वाचायला लागले. एका जोडाक्षराला अडले, मागे गेले, पुन्हा वाचलं. लोक आम्हाला धक्के देत चढत होते.

कॅनवाला वैतागला. "अवो बाई, बोरतळ्याचीच हाय गाडी. चढा ना बिगीन!"

"थांबा हो," सर म्हणाले. "बाई वाचून राहिल्या आहेत."